घरच्या कॉम्प्युटरला चालेल असा वाइडस्क्रीन मॉनिटर निवडायचा कसा: आधी पोर्ट, मग टेबल, मॉनिटर सगळ्यात शेवटी

मॉनिटर घेताना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी इंच बघतात, मग फोटो, मग ऑफर, आणि खोकं घरी आल्यावर कॉम्प्युटरच्या मागे वाकून शोधतात की वायर लावायची कुठे. मग सुरू होतं, "चित्र पसरट दिसतंय", "अक्षरं धुरकट आहेत", "खोक्यावर १४४ हर्ट्झ लिहिलंय पण सेटिंगमध्ये ६० च्या वर ऑप्शनच नाही" (हर्ट्झ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो आकडा). मॉनिटर खराब नसतो, कॉम्प्युटरही खराब नसतो, दोघांचं पटत नाही एवढंच. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका, मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर परत मागेच यावं लागतं.

टप्पा १: कॉम्प्युटरची कुंडली काढा

कागद-पेन घ्या, किंवा मोबाइलमध्ये नोट उघडा. तीन गोष्टी लिहायच्यात: ग्राफिक्स चिपचं (स्क्रीनवरचं चित्र बनवणाऱ्या भागाचं) पूर्ण नाव, मागे कोणकोणते पोर्ट (वायर लावायची भोकं) आहेत, आणि सध्याच्या मॉनिटरची वायर त्यातल्या नेमक्या कुठल्या पोर्टात आहे.

चिपचं नाव विंडोजमध्ये स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडलं की 'डिस्प्ले अडॅप्टर्स' खाली दिसतं. मॅकवर अ‍ॅपलच्या मेनूत 'अबाउट धिस मॅक'. दोन नावं दिसली तर दोन्ही लिहून घ्या, एक प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स असतं आणि दुसरं वेगळं कार्ड. आणि नाव पूर्ण लिहा, "एनव्हिडियाचं आहे काहीतरी" याचा काही उपयोग नाही, मॉडेल नंबर पाहिजे.

आता कॉम्प्युटरच्या मागे टॉर्च मारा आणि एक फोटो काढून ठेवा. उभ्या कॅबिनेटमध्ये वरच्या भागात यूएसबी आणि ऑडिओच्या भोकांच्या आसपास जे व्हिडिओ पोर्ट असतात ते मदरबोर्डचे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डचे. त्याच्या खाली आडव्या पट्टीत वेगळे पोर्ट असतील तर ते ग्राफिक्स कार्डचे. कार्ड असेल तर मॉनिटर कार्डलाच लावायचा, मदरबोर्डला नाही. ऐकायला अगदीच बालवाडीचं वाटतं पण माझ्या भावाने चांगलं कार्ड घेऊन जवळजवळ वर्षभर मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टात लावून वापरला, गेम अडकत अडकत चालायचे आणि तो रोज कार्ड बनवणाऱ्याला शिव्या घालायचा. मदरबोर्डच्या पोर्टांवर अनेकदा प्लॅस्टिकची टोपी बसवलेली असते, ती उगाच नसते.

थांबा: वेगळं कार्ड नाहीये आणि मदरबोर्डला एचडीएमआय दिसतंय म्हणून ते चालेलच असं नाही. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ते पोर्ट मेलेलंच असतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो त्यात ग्राफिक्स नसतं.

टप्पा २: पोर्ट ओळखा, पण नुसत्या आकारावरून नाही

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, म्हणून इथे जरा वेळ काढा.

एचडीएमआय म्हणजे एकच एक गोष्ट नाही. बाहेरून भोक सारखंच, आत मात्र वर्जन वेगळं. १.४ वर्जन फोरके चित्र (३८४०×२१६० पिक्सेल, म्हणजे ठिपके) ३० हर्ट्झलाच देतं, म्हणजे माउस हलवला की तो पाण्यातून चालल्यासारखा वाटतो. २.० वर फोरके ६० हर्ट्झला नीट चालतं. २.१ पूर्ण ताकदीचं असेल तर फोरके १२० ला जातं, पण इथे एक मेख आहे: २.१ मधली बरीच फीचर्स ऐच्छिक आहेत, त्यामुळे खोक्यावर २.१ छापलेलं असूनही आत क्षमता २.० एवढीच असू शकते. म्हणून वर्जनच्या आकड्यावर जाऊ नका, 'किती रिझोल्यूशन (आडवे × उभे पिक्सेल), किती हर्ट्झ' हे स्पष्ट कुठे लिहिलंय ते शोधा.

डिस्प्लेपोर्ट हे एक कोपरा छाटलेलं भोक. कॉम्प्युटरला आणि मॉनिटरला दोघांनाही ते असेल तर डोळे झाकून तेच वापरा. जुनं १.२ वर्जनसुद्धा फोरके ६० ला, २५६०×१४४० हे १४४ ला आणि ३४४०×१४४० अल्ट्रावाइड (नेहमीपेक्षा बराच रुंद स्क्रीन) १०० हर्ट्झला चालवतं. १.४ त्याच्याही पुढे.

जुना कॉम्प्युटर असेल तर डीव्हीआय किंवा व्हीजीए सापडेल. साधं सिंगल लिंक डीव्हीआय १९२०×१२०० ला ६० हर्ट्झपर्यंत जातं, ड्युअल लिंक २५६०×१६०० पर्यंत. व्हीजीए अ‍ॅनालॉग आहे, १९२०×१०८० दाखवेल पण अक्षरांच्या कडा मऊ पडतात, आणि नवीन मॉनिटरला हे पोर्ट असेलच याची खात्री नाही.

यूएसबी-सी तर आणखी फसवं. भोक आहे म्हणजे चित्र येईलच असं अजिबात नाही, काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचे असतात. शेजारी विजेच्या बाणाचं थंडरबोल्टचं चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असेल तर चित्र येतं. चिन्हच नसेल तर लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' हे शब्द शोधा. एकाच वायरवर चित्र आणि चार्जिंग दोन्ही हवं असेल तर मॉनिटर किती वॉट देतो ते तुमच्या चार्जरच्या वॉटशी जुळवून बघा, कमी पडला तर काम करता करता बॅटरी उतरत राहते.

आता माझीच फजिती सांगतो. माझ्या जुन्या डेस्कटॉपला वेगळं कार्ड नव्हतं आणि एकच एचडीएमआय होतं. मी हौसेने ३४ इंची अल्ट्रावाइड आणला, लावला, चित्र आलं, खूश झालो. दोन दिवसांनी लक्षात आलं की पान खाली सरकवताना काहीतरी खटकतंय. सेटिंगमध्ये बघतो तर ५० हर्ट्झ. वाटलं वायर खराब, नवीन आणली. तरी ५०. अजून एक महागातली आणली, तिच्यावर सोनेरी मुलामा वगैरे. तरी ५०. शेवटी मॉनिटरचं मॅन्युअल उघडलं, जे खरं तर आधी उघडायचं होतं, तर त्यात सरळ लिहिलेलं, एचडीएमआयवरून या रिझोल्यूशनला कमाल ५०. दोन वायरी अजून ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

यातून मला कळलेलं इतकंच की कॉम्प्युटरचं पोर्ट, वायर आणि मॉनिटरचं पोर्ट या तिघांत जो सगळ्यात लंगडा असेल त्याच्या चालीने बाकीचे चालतात. इंटेलचे बरेच जुने प्रोसेसर (दहाव्या पिढीपर्यंतचे) स्वतःहून एचडीएमआय १.४ एवढंच देतात, त्याच मशीनला डिस्प्लेपोर्ट असेल तर त्यातून मात्र बहुतेक वेळा फोरके ६० ला मिळतं. म्हणजे मशीन एकच, भोक बदललं की निकाल बदलला.

थांबा, अडॅप्टरबद्दल: दिशा बघूनच घ्या. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय असेल तर साधा स्वस्त अडॅप्टर सहसा चालतो. उलटं असेल, म्हणजे कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट, तर साधा चालत नाही, 'अ‍ॅक्टिव्ह' कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुतेक वेळा यूएसबीतून वेगळी पॉवर द्यावी लागते. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेले असतात आणि दिसायला जुळे भाऊ.

चेक: या टप्प्याच्या शेवटी तुमच्या कागदावर एक वाक्य पाहिजे. उदाहरणार्थ, "माझ्या मशीनच्या डिस्प्लेपोर्टमधून जास्तीत जास्त ३८४०×२१६०, ६० हर्ट्झ." हे वाक्य लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, चिपच्या किंवा लॅपटॉपच्या मॉडेलचं स्पेसिफिकेशन पान उघडा आणि शोधा.

टप्पा ३: टेबल मोजा

इंच हा आकडा तिरका असतो, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. त्यामुळे वेगवेगळ्या आकाराचे स्क्रीन इंचांवरून तुलना करायला गेलात की फसलात. २७ इंची नेहमीचा १६:९ (रुंदी १६ भाग, उंची ९ भाग) स्क्रीन साधारण ६० सेंटीमीटर रुंद आणि ३४ सेंटीमीटर उंच. ३४ इंची अल्ट्रावाइड ८० सेंटीमीटर रुंद, पण उंची तीच, ३३-३४. आणि २९ इंची अल्ट्रावाइड? त्याची उंची २८-२९ सेंटीमीटर, म्हणजे २४ इंची साध्या मॉनिटरपेक्षाही थोडा बुटका. "२४ वरून २९ वर जातोय, सगळं मोठं दिसेल" असं म्हणून घेणारे इथेच हिरमुसतात, स्क्रीन आडवा वाढतो, उभा नाही.

यावर एक साधा उपाय आहे. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्या मापाचा आयत कापा, टेबलावर भिंतीला टेकवून उभा करा आणि खुर्चीत बसा. डोळे ते पुठ्ठा साधारण हातभर, ५० ते ७० सेंटीमीटर अंतर पाहिजे. डावीकडचा कोपरा बघायला मान वळवावी लागतेय का? पुठ्ठ्याची वरची कड डोळ्यांच्या वर जातेय का? वर कपाट किंवा फळी असेल तर तिला पुठ्ठ्याचं डोकं आपटतंय का? दहा मिनिटांचं काम आहे आणि कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त सांगून जातं.

मग स्टँड. मोठ्या मॉनिटरचे पाय पुढे बरेच येतात, व्ही आकाराचे असतील तर कीबोर्डच्या जागेवरच अतिक्रमण करतात. स्टँडची खोली स्पेसिफिकेशनमध्ये 'डेप्थ विथ स्टँड' म्हणून दिलेली असते, ती तुमच्या टेबलाच्या खोलीतून वजा करा आणि उरलेल्यात कीबोर्ड बसतो का बघा. नसेल बसत तर मॉनिटर आर्म लावता येतो, पण त्यासाठी मॉनिटरच्या पाठीला व्हेसाची चार भोकं पाहिजेत, ७५×७५ किंवा १००×१०० मिलिमीटर. काही देखण्या सडपातळ मॉडेल्सना ती नसतातच. आर्म किती किलो पेलतो तेही बघा.

टप्पा ४: साइज आणि रिझोल्यूशन जोडीने ठरवा

हे दोन वेगवेगळे ठरवायचे नाहीत. एका इंचात किती पिक्सेल बसतात हा खरा आकडा. २४ इंचावर १९२०×१०८० म्हणजे इंचाला साधारण ९२ पिक्सेल, अक्षरं ठीकठाक. तेच १९२०×१०८० जर २७ इंचावर ताणलं तर ८२ वर येतं, आणि दिवसभर वाचायचं-लिहायचं काम असेल तर अक्षरांचे दाणे दिसायला लागतात. २७ इंचावर २५६०×१४४० घेतलं तर १०९, माझ्या मते घरच्या कामाला हे सगळ्यात सुखाचं जोडपं आहे कारण स्केलिंगच्या (अक्षरं-बटणं मोठी करून दाखवायच्या) भानगडीत न पडता जसंच्या तसं वापरता येतं. ३४ इंची अल्ट्रावाइडला ३४४०×१४४० असेल तर तोच ११० च्या आसपासचा आकडा येतो.

थांबा: ३४ इंची अल्ट्रावाइडमध्ये २५६०×१०८० वालेही मिळतात, आणि ते स्वस्त का आहेत याचं उत्तर परत तेच ८२. २९ इंचाला २५६०×१०८० चालतं, ९६ पडतात. ३४ ला नको.

फोरके २७ इंचावर घेतलं तर १६३. एकदम धारदार, पण सगळं मुंगीएवढं दिसतं म्हणून स्केलिंग १५० टक्के लावावं लागतं, आणि एखादं जुनं सॉफ्टवेअर स्केलिंगला दाद देत नाही, त्याची बटणं एकतर धूसर नाहीतर बारीक राहतात. तुमचं रोजचं काम अशाच एखाद्या जुन्या प्रोग्रॅमवर असेल तर फोरके घेण्याआधी दोनदा विचार करा.

अल्ट्रावाइड घ्यावा का? दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून काम करणाऱ्याला, लांबलचक शीट बघणाऱ्याला, व्हिडिओ एडिट करणाऱ्याला, नक्की. बेसिक एम१ किंवा एम२ चिपचं मॅकबुक असेल तर ते अधिकृतपणे बाहेरचा एकच मॉनिटर चालवतं, तिथे दोन मॉनिटरऐवजी एक रुंद हा चांगला तोडगा आहे. पण नेहमीचे १६:९ व्हिडिओ बघताना डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येणार हे धरून चाला, आणि मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन शेअर केला की समोरच्याला आपली अक्षरं म्हणजे एक बारीक चिंचोळी पट्टी दिसते, मग "झूम कर ना जरा" ऐकत बसा (उपाय: पूर्ण स्क्रीन नाही, फक्त एक खिडकी शेअर करायची).

टप्पा ५: कार्डाला झेपेल का

नुसतं ब्राउझिंग, ऑफिसचं काम, व्हिडिओ असेल तर टप्पा २ मधलं वाक्य जुळलं की झालं, पुढे चला. गेम खेळणाऱ्यांनी मात्र हिशेब करावा. १९२०×१०८० म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल. २५६०×१४४० म्हणजे ३७ लाख, ३४४०×१४४० म्हणजे ५० लाख, फोरके म्हणजे ८३ लाख, बरोबर चौपट. आज तुमचा गेम १०८० ला ६० फ्रेम देताना धापा टाकत असेल तर फोरकेवर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

टप्पा ६: पॅनल, हर्ट्झ आणि खोक्यावरची स्टिकरं

पॅनल म्हणजे मॉनिटरच्या आतला स्क्रीन, त्याचे प्रकार असतात. आयपीएस पॅनल बाजूने बघितलं तरी रंग बदलत नाही, घरच्या सर्वसाधारण वापराला हेच घ्या. व्हीए मध्ये काळा रंग जास्त काळा दिसतो, अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला मस्त, पण स्वस्त व्हीएवर गडद सीन पटकन हलला की मागे शेपटी राहते. टीएन आता फार कमी उरलेत, बाजूने बघितलं की रंग उडतात. ओलेड सगळ्यात देखणा, पण टास्कबारसारखी एकाच जागी तासन्‌तास राहणारी गोष्ट त्यावर कायमची उमटायचा धोका असतो, त्यामुळे दिवसभर एकच शीट उघडी ठेवणाऱ्याला मी तरी सांगणार नाही.

हर्ट्झ: ६० वरून १०० वर गेल्याचा फरक साध्या स्क्रोलिंगलाही जाणवतो. १४४ वरून २४० चा फरक कळायला गेमरची नजर लागते.

एचडीआर म्हणजे उजळ आणि गडद यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. 'एचडीआर १० सपोर्ट' या स्टिकरचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल घेतो एवढाच, तो तसा दाखवू शकतो असा नाही. 'डिस्प्लेएचडीआर ४००' चं प्रमाणपत्र ४०० निट उजेडाचं असतं, त्यातही बॅकलाइट भागाभागाने मंद व्हायची अट नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. '१ मिलिसेकंद' (हलत्या चित्राला स्क्रीन किती चटकन प्रतिसाद देतो तो आकडा) लिहिलेलं असेल तर शेजारी एमपीआरटी आहे की जीटीजी ते बघा, दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, एकाची दुसऱ्याशी तुलना होत नाही.

टप्पा ७: पैसे देण्याआधी मॅन्युअल

आता, म्हणजे आत्ता कुठे, मॉनिटर शोधायला बसा. दोन-तीन मॉडेल नक्की झाली की प्रत्येकाचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून पीडीएफमध्ये उतरवा. त्यात शेवटी शेवटी एक टेबल असतं, 'सपोर्टेड मोड्स' किंवा 'टायमिंग' नावाचं, त्यात पोर्टप्रमाणे रिझोल्यूशन आणि हर्ट्झ दिलेले असतात. जाहिरातीतला मोठा हर्ट्झचा आकडा बऱ्याचदा फक्त डिस्प्लेपोर्टपुरता खरा असतो, त्याच मॉनिटरचं एचडीएमआय त्याच्या निम्म्यावरही अडकू शकतं. तुमच्या कागदावरचं वाक्य त्या टेबलात सापडलं पाहिजे.

चेक: खोक्यात कुठली वायर येते? हेडफोनचं भोक हवंय का? मॉनिटरला स्पीकर आहेत का? स्टँड वर-खाली होतो का, की नुसताच मागे झुकतो? आणि परत करायची मुदत किती दिवसांची, डेड पिक्सेल (मेलेले ठिपके) किती निघाले तर बदलून देतात, हे घेण्याआधीच विचारून ठेवा.

टप्पा ८: घरी आल्यावर, याच क्रमाने

१. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) आधी जुन्या मॉनिटरवरच अपडेट करून घ्या.

२. खोक्यातलीच वायर लावा. जुनी वायर भिंतीमागून आधीच टाकलेली आहे म्हणून तीच वापरायचा मोह होतो, तो टाळा.

३. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलेलं निवडा. मग पेंट उघडून शिफ्ट दाबून एक वर्तुळ काढा. ते अंड्यासारखं दिसलं तर चित्र ताणलं जातंय, रिझोल्यूशन चुकलंय किंवा पोर्ट ते देऊ शकत नाहीये. डोळ्याला पसरटपणाची फार लवकर सवय होते म्हणून हे पहिल्याच दिवशी करायचं.

४. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन हर्ट्झ हाताने वाढवा. विंडोज बऱ्याचदा आपलं ६० वरच ठेवून देतं आणि काही बोलत नाही. हवा तो आकडा यादीतच नसेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत बघा, काही मॉडेल्समध्ये डिस्प्लेपोर्टचं किंवा एचडीएमआयचं वर्जन तिथे जुन्यावर सेट केलेलं असतं.

५. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये रंगाची रेंज 'लिमिटेड' ची 'फुल' करा. चित्राच्या कडा स्क्रीनबाहेर कापल्या जात असतील तर मॉनिटरच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद करा.

६. खोलीत अंधार करून पूर्ण स्क्रीनवर एकेक करत काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा रंग लावा. काळ्यावर चमकणारा आणि पांढऱ्यावर काळा राहिलेला ठिपका शोधा. सापडला तर स्क्रीन दाबून बघू नका, फोटो काढा आणि तक्रार टाका.

खोकं आणि आतले थर्माकोलचे तुकडे परत करायची मुदत संपेपर्यंत फेकू नका, आणि कोणता तुकडा कुठे बसत होता त्याचा खोकं उघडतानाच एक फोटो काढून ठेवा, ३४ इंची मॉनिटर परत त्यात बसवताना तो फोटो लागतो.